डाव्या पायाचा ठसा

त्या सोमवारी डॉक्टरांनी आईचा पाय कापला. बाबा कामावर गेले नाहीत. मी शाळेत गेले नाही. संध्याकाळी आम्ही घरी आलो आणि मी भात मांडला.

बाबा गेल्या पौषात गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडायला मला चार महिने लागले. मी जन्मभर ग्रंथपाल होते, लोकांचे कागद लावण्यातच नोकरी संपली. पण या पेटीचं कुलूप हातात घेतलं की मला दुसरं काही तरी काम आठवायचं. शेवटी उघडली, तेव्हा वर त्यांची रापी निघाली, चामडं कापून कापून पातं अर्धं झालेली. तिच्याखाली सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता, प्रत्येक कागदावर कुणाच्या तरी तळपायाचा काळा ठसा. आणि तळाशी लांबट रजिस्टर होतं. त्याची बरीच पानं माझ्या अक्षरात आहेत. मग एका ओळीनंतर माझं अक्षर थांबतं आणि बाबांचं सुरू होतं. त्या ओळीसाठी मी हे लिहायला बसले आहे. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

बाबा कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात चपला शिवायचे. ज्यांच्या पायाला ठणका कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही, अशा माणसांच्या चपला. तिथे त्यांना एका जुन्या डॉक्टरांनी ठसा घ्यायला शिकवलं होतं. रबराची एक पाटी असायची, तिच्यावर कमी-जास्त उंचीच्या रेघांची जाळी. तिला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि माणसाला त्या कागदावर एक पाऊल टाकून पुढे जायला सांगायचं; कागदातून पाझरून शाई तळपायालाही लागायचीच. जिथे भार कमी तिथे जाळी फिकट आणि विरळ उमटते, जिथे भार जास्त तिथे सगळ्या रेघा एकात एक मिसळून काळा डाग पडतो. त्या डागाखाली चपलेत मऊ रबर घालायचं, किंवा तिथला भार उचलून दुसरीकडे द्यायचा. बाबांची सगळी विद्या एवढीच, पण ती त्यांना पूर्ण येत होती.

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाची एक पाटी त्यांना मिळाली आणि रविवारी आमच्या छपरीत लोक येऊ लागले. शुगरवाले, टाचा दुखणारे, एक पाय आखूड असलेले. दोन खोल्या आणि पुढची छपरी एवढंच आमचं घर. रविवारी सकाळपासून त्यात हातोडीची टकटक चालायची, तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोक्यात भरायचा, आणि आतून आईच्या गोळाभाताच्या फोडणीचा वास येऊन त्याच्याशी भांडायचा. आई मुलींच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. दुपारी साडेतीनला निघायची ती रात्री जेवणं उरकून यायची. त्याआधी आमचं दोन वेळचं करून ठेवायची. ती बसलेली मला आठवत नाही. चालताना तिचे पाय इतके भराभर पडायचे, की खोलीत आल्याचं तिच्या पावलांवरून नाही, बांगड्यांवरून कळायचं.

रजिस्टर माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला गणित आवडायचं. नाव, उंची, वजन, कमरेचा घेर, पायाची लांबी, पायाची रुंदी, ठसा आणि शेवटी सहीचा रकाना. संध्याकाळी बाबा हात धुऊन एकेक ओळ ठशाशी ताडून पाहायचे आणि सही करायचे. सही झाली की मगच रबर कापायचं. ठशाशिवाय सही नाही, हा त्यांचा कायदा होता. एकदा एका वकिलाने घाई आहे म्हणून ठसा न देता चप्पल मागितली, तर बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

कळमन्याचे एक अडते यायचे, मिरचीचा धंदा. मी त्यांच्या पोटाभोवती टेप फिरवायला लागले की ते छपरीभर ऐकू जाईल असं बोलत.

"काय वं मास्तरीनबाई, माह्या पोटाचा घेर कायले लिहून राहिली? चप्पल पोटाले घालाची हाय का?"

"शेटजी, पोट पुढं गेलं की माणूस टाचेवर रेलते," बाबा खाली मान घालूनच सांगत. "मले दोन्ही पाहा लागते."

एकदा शेटजींनी आपल्या हमालालाही आणलं. दशरथ त्याचं नाव. काटकुळा माणूस, पोत्यांखाली वाकून वाकून मान पुढे आलेली, उजव्या पायाने किंचित लंगडायचा. पाटीला शाई लावण्याआधी बाबा मला विचारत, "सांग, काळा कोनाचा?" हा आमचा खेळ होता. मी क्षणाचाही विचार न करता शेटजींकडे बोट दाखवलं. शेटजी खूश झाले. ठसे निघाले, तेव्हा शेटजींचा पाय कागदभर पसरला होता, बोटांपासून टाचेपर्यंत सगळा सारखा करडा, कमान नावालाही नाही. दशरथचा पाय कागदावर मधून तुटलेला होता. मागे टाचेचा एक गोल, पुढे बोटांच्या मागे रुपयाएवढे दोन डाग, डांबरासारखे काळे. मधे नुसता कोरा कागद.

"दशरथ, तुह्या पायाखाली खिळे हायत का गा?" शेटजी हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही कागद माझ्यासमोर धरले. "वजन किती, थे काटा सांगते. थे पडते कुठं, थे पायच सांगते. अन् पायाले बोलता येत नाई."

मी हे ऐकलं आणि मला ते पुरलं नाही. मी पुस्तकांतली मुलगी होते. एका माणसाच्या पायाने समाधान होत नव्हतं, मला सगळ्यांना लागू होईल असा नियम हवा होता. मी वहीत आकडे मांडायला लागले. वजनाला पायाच्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं. भागाकार मोठा आला की ठसा काळा, लहान आला की फिकट. कधी उंची धरून पाहिली, कधी कंबर. दोन-तीन महिन्यांत माझा नियम बऱ्याच लोकांना बसायला लागला. बाबांना दाखवला, तर त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचली आणि म्हणाले, "जमते. बहुतेकाईचं जमते. ज्याचं नाई जमत, त्याच्यासाठीच तं आपलं दुकान हाय." मी त्यातला "जमते" एवढाच शब्द घेऊन आत गेले.

गेल्या महिन्यात माझ्या साखरेच्या डॉक्टरांनी मला रामदासपेठेत पायांच्या तपासणीला पाठवलं. आता शाई नाही, रबराची पाटी नाही. एका काळ्या पट्टीवरून चालायचं आणि समोरच्या पडद्यावर पाय रंगांत उमटतो. निळा, हिरवा, पिवळा, लाल. तिथल्या मुलाने आधी माझी उंची घेतली, वजन घेतलं, कमरेला टेप लावला. मला हसू आलं. "मॅडम, तुमचं वजन तर एकदम आयडियल आहे," तो म्हणाला. मग पडद्याकडे पाहून जरा थांबला. "पण इथं एवढं लाल कसं काय?" दोन डाग, बोटांच्या मागे, मधे काहीच नाही. "माझ्या आईचा पाय आहे तो," मी म्हणाले. मला प्रश्न कळला नसावा, असं समजून त्याने तो मोठ्याने परत विचारला.

आईला साखर होती, हे आम्हाला माहीत होतं. मेडिकलमधून गोळ्या आणायची आणि आठवलं तर घ्यायची. त्या हिवाळ्यात ती एकदा मेसमधून एकच चप्पल घालून घरी आली. दुसरी वाटेत कुठे निसटली तिला कळलं नव्हतं. तिने हे आम्हाला गंमत म्हणून सांगितलं, स्वतःच हसली. मग म्हणाली, "आजकाल फरशी कशी कापसावानी लागते पायाले." बाबांच्या हातातला घास थांबला. दवाखान्यात रोज हेच शब्द ऐकणारा माणूस तो. जेवण होताच त्यांनी पाटी काढली.

"ये इकडं. पाय दे."

"बाई माय! नवऱ्याच्या हातात पाय देऊ?" आई दोन पावलं मागे सरली. "पाप लागन मले. लोकाईचे धरता, थे धरा."

"लोकाईचे धरतो तं तुहा काहून नाई?"

"थे बिमार हायत. मी बिमार हाव का? अन् ठसा घेतला की तुमी थे रबराची चप्पल कराल. थे पाहून मेसमधल्या पोरी माह्या हातची पोळी खातीन का?"

यात खोटं काही नव्हतं. ती काळी, मऊ तळाची चप्पल तेव्हा गावभर कुष्ठरोग्याची म्हणून ओळखली जायची. पायात दिसली की लोक पाण्याचा गिलास वेगळा ठेवत. शिवाय मेसच्या स्वयंपाकघरात आणि आमच्याही, चूल असेल तिथे चप्पल जातच नसे. नागपूरभर लोकांना पायांत चपला घालायला लावणाऱ्या माणसाची बायको दिवसाचे दहा तास अनवाणी उभी असायची आणि त्यात आम्हा तिघांना काहीच विशेष वाटत नसे. बाबांनी पाटी भिंतीला लावून ठेवली. मग म्हणाले, "मी नाई लावत हात. ऐतवारी पोट्टी घेईन ठसा. पोट्टीले तं देशीन?"

"तिले देईन," आई म्हणाली.

त्या रविवारी बाबा रबर आणायला गेले होते. माझ्या हातात लायब्ररीची कादंबरी होती, दुसऱ्या दिवशी परत करायची, शेवटची दोन प्रकरणं उरलेली. कोणती कादंबरी होती ते मला आठवतं आणि मी ती पुन्हा कधी उघडली नाही. आई पदर खोचून काट्यावर उभी राहिली. काटा चाळिसावर थांबला.

"पाह्य, तुह्या बापाच्या रबराच्या गठ्ठ्याएवढीबी नाई मी."

मी उंची घेतली, कंबर घेतली, ती उभी असतानाच पायाच्या कडेने पेन फिरवून लांबी-रुंदी घेतली. आता शाई. आईने घड्याळाकडे पाहिलं.

"काळा पाय घेऊन मेसमध्ये जाऊ का वं? राकेलनं घासलं तरी दोन दिवस जात नाई. आज पोरीईची फीस्ट हाय. पुढच्या ऐतवारी घेजो."

मी तिथेच भागाकार केला. सगळ्या रजिस्टरात तिचा आकडा सर्वांत लहान आला. मला आनंद झाला. हे मला लिहायलाच हवं. नियमाने मला उत्तर दिलं होतं आणि माझ्या दोन प्रकरणांपुरता वेळ वाचवला होता. पानाची ती शेवटची ओळ होती. ठशाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: भार सर्वांत कमी. ठसा नको.

संध्याकाळी बाबांनी रजिस्टर उघडलं. त्या ओळीवर ते थांबले, ते मी पुस्तकाच्या कडेवरून पाहिलं.

"पाय उचलून पाह्यला का तिचा? खालून?"

"हो," मी म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा अर्धा दिवस भरून घरी आले. आई नुकतीच फरशी पुसून, हातपाय धुऊन, मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. बाबा पाणी प्यायला आत आले आणि माठाजवळ उभे राहिले. पुसलेल्या फरशीवर माठापासून मागच्या दारापर्यंत डाग गेले होते. लालसर, पाणचट, रुपयाएवढे. एका आड एका पावलाला एक. मला वाटलं चिंचेचं पाणी सांडलं असेल. बाबा वाकले, मग गुडघ्यांवर बसले. एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंत त्यांनी वितीने अंतर मोजलं. आईचा पाय त्यांनी अजून पाहिलाही नव्हता.

"उजवा," ते म्हणाले. "अंगठ्याच्या मागचं हाड." त्यांनी बोट नाकाजवळ नेलं. मग त्यांनी आईला हाक मारली, नावाने. मी त्यांना तिला नावाने हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं.

आई कपडे छातीशी धरून आली. बाबांनी तिला पाटावर बसवलं आणि काही न विचारता तिचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. तिने तो ओढून घेतला नाही. त्याचीच मला भीती वाटली. तळव्यावर कातडीचा जाड घट्टा होता, त्याच्या मधोमध भोक. बाबांनी कडेचं जाड कातडं दाबलं, तर आतून पू आला, आणि आई त्या वेळी माझ्याकडे पाहून विचारत होती, "भात झाकला का वं?"

पुढचं भराभर झालं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. हाड सडलं होतं. आधी अंगठा म्हणाले, मग अर्धं पाऊल, मग तो सोमवार. बाबांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते.

"कवापासून असन जी, साहेब?"

"तीनेक आठवडे तरी असेल. घरात कुणी पाय पाहत नव्हतं का?"

तीन आठवडे. म्हणजे त्या रविवारी, ती काट्यावर उभी असताना, जखम खाली होती. मी पेन फिरवत होते त्याच्यापासून दोन बोटांवर. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाई," ते डॉक्टरांना म्हणाले. "नव्हतं पाहात."

आई घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी पाटी काढली. मी तिला एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूला कुबडी. बाबा खाली बसले. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"धरा आता," ती म्हणाली. "एकच तं उरला हाय."

डावा पाय कागदावर टेकला आणि उचलला. मागे टाचेचा गोल, पुढे दोन काळे डाग, मधे कोरा कागद. दशरथसारखाच. चाळीस किलोंची बाई, आणि तो सगळा भार रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जागेवर घेऊन ती वीस वर्षं चुलीपुढे उभी होती. माझ्या नियमात ते कुठेच बसत नव्हतं. बाबांनी त्या पायाची चप्पल त्याच रात्री कापली. आई म्हणाली, "एकीचेच पैसे घेजा बरं." कुणी हसलं नाही, म्हणून ती स्वतःच थोडं हसली.

मेसची नोकरी गेली. चप्पल मात्र आता चुलीजवळ गेली. ओट्याशी स्टूल ठेवून, कुबडी भिंतीला लावून, आई ती घालून भाकरी थापायची. रोज संध्याकाळी बाबा तिचा डावा पाय मांडीवर घेऊन खालून पाहत, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत. ती तेव्हा दुसरीकडे पाहायची आणि शेजारच्या घरातल्या भांडणाची बातमी सांगायची. सहा वर्षं जगली. शेवटी मूत्रपिंडं गेली. डाव्या पायाला ओरखडासुद्धा आला नाही.

ती घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे रजिस्टर घेऊन छपरीत बसले, तर बाबांनी हात पुढे केला. "दे इकडं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते स्वतः लिहू लागले, मोठ्या वाकड्या अक्षरांत, एकेका आकड्याला वेळ घेत. रागाचा एक शब्द नाही, प्रश्न नाही. मी ती माझी शिक्षा समजले आणि ती मला योग्य वाटली. मी खोटं बोलले होते, त्यांना ते कळलं होतं, त्यांनी काम काढून घेतलं. हिशेब सरळ होता. त्यानंतर मी छपरीत फारशी गेले नाही. पुढे मनीषनगरात मी फ्लॅट घेतला, बाबांना आणलं. ते एकवीस वर्षं माझ्याबरोबर राहिले. आम्ही नळाच्या पाण्याबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो, पेपरातल्या बातम्यांबद्दल बोललो. मी अनवाणी स्वयंपाकघरात शिरले की ते खुर्चीतून म्हणायचे, "पायात घाल." त्या रविवारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. मी बोलायला हवं होतं. ते वाट पाहत असतील, असं मला वाटायचं.

पेटी उघडली त्या दुपारी मी ते पान शोधलं. शेवटची ओळ. उंची, वजन चाळीस, कंबर, लांबी, रुंदी. भार सर्वांत कमी, ठसा नको. आणि त्यापुढे, सहीच्या रकान्यात, बाबांची सही होती.

मला वाटत होतं तो रकाना कोरा असेल. त्या संध्याकाळी मी आत गेले, माझं "हो" ऐकून त्यांनी पेन उचललं, आणि कुणालाही दिली नव्हती ती सही बायकोच्या पायाला दिली. ठशाशिवाय. मुलीच्या शब्दावर. मग त्यांनी ते रजिस्टर माझ्याकडून घेतलं आणि एवढी वर्षं पेटीच्या तळाशी ठेवलं. ते माझ्यापासून काय लपवत होते, हे मला आता विचारता येत नाही. सहीखालचा कागद बोटांनी चोळून चोळून पातळ झाला आहे. उजेडाकडे धरला की पलीकडचं दिसतं.

रापी मी ओट्याच्या खणात ठेवली आहे. गठ्ठ्यातले बाकीचे ठसे कुणाचे, ते त्यांच्यावरच्या नावांवरून कळतं. त्यांतले बहुतेक लोक आता नाहीत. आईच्या डाव्या पायाचा ठसा माझ्याकडे आहे. उजव्या पायाचा नाही.